स्टिअरिंगमागचा जाड फोम

…आणि साबण ओतूनही अंगठा सरकला नाही. तळहाताएवढा राखाडी तुकडा, वर बारीक चौकड्या कोरलेल्या, त्या चौकड्यांच्या खाचांतून खालचा काळा थर डोकावणारा. ग्लेनिसनं त्याच्या मागचा कागद सोलून तो स्वयंपाकघराच्या फरशीला चिकटवला होता, त्यावर आधी नळाचं पाणी, मग भांड्यांच्या साबणाचा फेस ओतला होता आणि ओट्याची कड धरून उजव्या पायाचा अंगठा त्यावर रेटत होती. हलेना. मग तिनं तुकडाच उचलून बघायला कडेशी नख घातलं, तर तोही हलेना — आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की हा बोटीच्या डेकवर बसवायच्या फोमचा नमुना होता, परत पाठवायचा होता, आणि आता तो या फरशीवरून जन्मात निघणार नव्हता.

नवरा, लायल, विचारील, हे काय आहे. किंवा विचारणार नाही. हल्ली तो काय विचारील आणि काय विचारणार नाही याचा तिचा अंदाज चुकतो.

बाकीचे नमुने टेबलावर पसरले होते. सागवानी, काळ्या रेघांचा, दिसायला सगळ्यात देखणा, पण उन्हात पाय भाजणार. निळा, गुळगुळीत. पांढरट, त्यावर माशांच्या रक्ताचा थेंब न् थेंब दिसेल. एक मऊ, पायाला सुखाचा, पण गळ अडकला की फाटेल. एक कडक, त्याला काही होणार नाही, पण गुडघ्यांना कळेल. सकाळी टोस्टवर व्हेजिमाइट फासताना, म्हणजे सुरी त्याच्या हातात नीट राहीना म्हणून ती फासत असताना, लायल म्हणाला होता, "रंग तू निवड, ग्लेन. पोतही तूच बघ." इतक्या वर्षांत बोटीतला एक खिळा त्याने तिला विचारून ठोकला नव्हता. बोट त्याची. ती डावीकडच्या खुर्चीवर बसायची, थर्मासमधून चहा ओतायची, आणि जे काही हातात असेल — दोरी, कप, तिसऱ्यांची आमिषाची डबी — ते कुठं ठेवू म्हणून विचारायची. "ठेव तिथंच, मी बघतो," तो मान न वळवता म्हणायचा. त्या न वळलेल्या मानेचा तिला किती राग यायचा… आणि आता तो वळून म्हणत होता, तू निवड, तर तिला रडू येत होतं. माणसानं नेमकं काय मागावं?

कशासाठी निवडायचं हेच तर कळत नव्हतं. शेजारचा मर्व्ह, ज्याच्या ट्रॅक्टरनं सगळी गल्ली आपापल्या बोटी वाळूवरून पाण्यात ढकलते, परवा कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला होता, "फोम टाकतोयस? मग काय, बोट नवरी दिसेल. गिऱ्हाईक दारात उभं राहील." लायल हसला होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. विकायची असेल तर सागवानी. फोटोत छान दिसतो. ठेवायची असेल तर राखाडी, कडक. पण ठेवून करायचं काय — दोन हिवाळ्यांपासून त्याचे हात थरथरतात, गेल्या उन्हाळ्यात…

गेल्या उन्हाळ्याशी विचार आला की ती फडकं घेऊन काहीतरी पुसायला लागते. आताही फरशीवरचा फेस पुसायला लागली.

बोटीत तेव्हा जुना गालिचा होता, आमिषाच्या वासानं कुजलेला, स्टिअरिंगपाशी फाटलेला. ओला झाला होता. लायलचा पाय त्यात अडकला आणि तो दोन खुर्च्यांच्या मध्ये पडला, सहा फूट माणूस, बुडातल्या पत्र्याचा आवाज आला. आणि किनारा तिथं समोर दिसत होता, धान्याची कोठारं, जेट्टी, सगळं, आणि ती रेडिओचा माइक हातात धरून कुठलं बटण दाबायचं याचा विचार करत बसली होती. इंजीन कसं चालू करायचं तेही तिला येत नव्हतं. आपल्याला कुणी शिकवलं नाही की आपण शिकलो नाही? शेवटी तोच गुडघ्यांवर उठला आणि तसाच गुडघ्यांवर बसून त्यानं बोट घरी आणली.  दुसऱ्या आठवड्यात त्यानं तो गालिचा खरवडून काढला आणि जाळला. पोर्ट लिंकनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सध्या तरी हातच. डोक्याचं काय ते पाहत राहू. तेव्हापासून ग्लेनिस पाहत राहिली होती. चावी कुठं ठेवली, गॅस बंद केला का, नातवाचं नाव घेताना अडखळला का… नवऱ्यावर पाळत ठेवल्यासारखं. तिला स्वतःची लाज वाटायची आणि तरी ती पाहायची.

फोन वाजला. फोम कापून देणाऱ्या कारखान्यातली कर्स्टी होती.

"ग्लेनिस ना? लायलनी डेकच्या मापानं कापलेल्या प्लास्टिकच्या साच्याचा फोटो पाठवलाय, त्याबद्दल विचारायचं होतं. प्लास्टिक उलटं तर नाही ना धरलं तुम्ही?"

"उलटं म्हणजे?"

"अहो, वरची बाजू खाली. होतं असं. एकानं उलटं पाठवलं, आम्ही अख्खा डेक डाव्याचा उजवा कापला. तो आता आमच्या भिंतीवर टांगलाय, सगळ्यांना दाखवायला." कर्स्टी हसली. "बाणही नाही काढलेला, आणि मासा मोजायची पट्टी डाव्या खुर्चीपाशी आखलीय. लोक ती स्टिअरिंगवाल्याच्या हाताशी घेतात."

"बाण नाही?" ग्लेनिस म्हणाली.

"नाही दिसत. आणि आणखी एक. स्टिअरिंगमागे उभं राहायच्या जागी दुहेरी जाडीचा फोम लिहिलाय. बुटके आहेत का ते?"

"बुटका? घरातल्या प्रत्येक चौकटीला त्याचं कपाळ लागलंय."

"मग बघा बाई विचारून. एवढं जाड घेतलं तर छताला आपटतील. आणि रंग ठरला की सांगा."

बाण नाही. ग्लेनिस फोन ठेवून तिथंच उभी राहिली. या माणसानं उभा जन्म गोदीत पत्रे कापण्यात घालवला. प्रत्येक साच्यावर आधी बाण, पुढची बाजू कुठली, वरची बाजू कुठली, मग बाकीची रेघ. नाताळच्या भेटीला कागद गुंडाळायचा असला तरी आधी बाण काढायचा, मुली त्याची थट्टा करायच्या. आणि आता बाण नाही, पट्टी भलत्या बाजूला, सहा फुटी माणसाला उंच व्हायला जाड फोम… तर मग हेच का ते? डॉक्टरीणबाई ज्याच्यावर लक्ष ठेवा म्हणाल्या ते? असं येतं ते, प्लास्टिकच्या कागदावरून?  सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून तिनं टोपलीतलं केळं स्वेटरच्या खिशात टाकलं आणि ती मागच्या शेडकडे निघाली.

लायल मर्व्हच्या ट्रॅक्टरपाशी गेलेला. दोघांचे आवाज कुंपणापलीकडून येत होते. शेडमध्ये गारठा होता, मे महिन्यात सुरू होणाऱ्या इकडच्या हिवाळ्याचा, पत्र्यातून झिरपणारा. ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन ती बोटीत चढली, सपाता काढल्या — हा तिचा स्वतःचा नियम, कुणी सांगितलेला नाही — आणि गुंडाळी करून ठेवलेलं ते प्लास्टिक डेकवर उलगडलं. मागच्या उजव्या कोपऱ्यात बॅटरीचं झाकण आहे, त्याच्यापुरतं भोक प्लास्टिकला असणार. तिनं भोक झाकणावर आणलं. बसलं. कडा चारी बाजूंनी जाऊन टेकल्या, कुठं चुणी नाही की फट नाही. मग तिनं प्लास्टिक उलटं करून बघितलं: झाकण एकीकडे, भोक दुसरीकडे.

म्हणजे सुलटंच होतं. थरथरत्या हातांनी कापलेलं आणि तरी केसाचाही फरक नव्हता. तिला इतकं हायसं वाटलं की ती खाली बसली, आणि बसल्यावर हायसं वाटणं थांबलं. सुलटं आहे तर पट्टी डावीकडे का? डावीकडे तिची खुर्ची. व्हायटिंग मासा गळाला लागला की मोजायचा त्यानं, सोडायचा की ठेवायचा ते ठरवायचं त्यानं. डावा हात त्याचा अजून जरा स्थिर आहे, हे खरं… पण मग तो डावीकडे बसणार? आणि स्टिअरिंगपाशी —

ती उठली. स्टिअरिंगमागे प्लास्टिकवर एक चौकोन होता, त्यात दोन फुल्या, म्हणजे फोमची दुहेरी जाडी. तिनं त्या चौकोनावर पाय ठेवले. इथून कधी उभं राहून पाहिलंच नव्हतं. काचेची वरची कड बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आली. पलीकडचं काही दिसायला हनुवटी उचलावी लागत होती. तिनं टाचा किंचित उचलल्या, त्या दोन फुल्यांएवढ्या. कड खाली गेली. शेडच्या दारातून पाण्याची टाकी दिसली, गल्ली, आणि गल्लीच्या टोकाशी समुद्राची एक चीर. तिनं टाचा खाली टेकल्या, पुन्हा उचलल्या.

मला न विचारता मलाच स्टिअरिंगपाशी उभं करायचं ठरवलं? हे पहिलं मनात आलं, आणि ते रागानंच आलं. मग: असं काही नसेलच, आपणच त्याच्या चुकांना शहाणपणाचे कपडे चढवतोय, बायका करतात असं, मर्व्हची बायको जाईपर्यंत मर्व्हच्या बाबतीत तेच करत होती. तिनं खिशातलं केळं काढलं, सोललं आणि विचार करत एक घास खाल्ला, आणि घास गिळताना तिच्या लक्षात आलं की आपण बोटीत केळं खातोय.

बोटीवर केळं चढवायचं नाही. मासा मिळत नाही, इंजीन बिघडतं, काहीही होतं. लायलच्या सगळ्या नियमांत हा पहिला. एकदा त्याच्या बहिणीनं केळ्याचा केक आणला तर त्यानं तो वाळूवर ठेवायला लावला होता, सीगलांनी फस्त केला, बहीण वर्षभर बोलली नाही.

खडीवर पावलं वाजली. तिला केळं खिशात कोंबता आलं असतं. तिनं हात तसाच वर ठेवला, छातीपाशी, दिसेल असा. आणि आपण काय करतोय ते कळत असूनही तो खाली घेतला नाही.

"वर काय करतेयस?" लायल दारात उभा होता.

"बघतेय. पट्टी डावीकडे आखलीयस."

"हं."

"का?"

"मोजणाऱ्याच्या हाताशी नको?" तो म्हणाला, जणू हे कुणालाही कळावं.

"आणि बाण कुठाय? कर्स्टीचा फोन होता. वरची बाजू कुठली ते लिहिलंच नाहीस म्हणते."

"नाही लिहिलं?" त्यानं कडेवरून आत वाकून प्लास्टिककडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "राहिलं असेल," तो हळू म्हणाला.

तर ते विसरणंही खरं होतं आणि हे मुद्दाम आखणंही. तिला वाटलं होतं दोन्हींतलं एक ठरेल आणि मग आपल्याला एकच काहीतरी वाटेल.

मग त्याची नजर केळ्यावर गेली. ती वाट पाहत राहिली. ओरड, तिनं मनात म्हटलं, ओरड माझ्यावर, फेकून दे म्हण. त्यानं चाकावर पाय ठेवला, कड धरली, धापा टाकत आत आला आणि डावीकडच्या खुर्चीवर बसला, तिच्या खुर्चीवर. हात पुढं केला. तिनं केळं दिलं. ते त्याच्या हातात हलत राहिलं. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि समोर काचेतून बघत, सावकाश, सगळं खाल्लं. नियम विसरला होता? की नियम आता त्याचा राहिला नव्हता? तिनं त्याच्या चेहऱ्याची ती ओळखीची बाजू न्याहाळली, गालावरची दाढी राहिलेली जागा, कानाचा लालसर काठ. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

रिकामी साल हातात धरून त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तिच्याकडे मान वळवून विचारलं, "ही कुठं ठेवू?"

घाबरलेल्या माणसाचा होता तो आवाज, की नुसता विचारणाऱ्याचा, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि कळेपर्यंत थांबायला वेळही नव्हता, कारण तो उत्तरासाठी तिच्याकडे बघत होता.

"ठेव तिथंच," ती म्हणाली, "मी बघते."

आणि म्हणताना आपण मान वळवलेली नाही, हे तिला जाणवलं. नजर समोर होती, गल्लीच्या टोकाच्या त्या चिरीवर. टाचा पुन्हा दोन फुल्यांएवढ्या उचललेल्या होत्या, पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या, आणि खूप वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी भीती वाटत होती.