सील शाबूत आहे

"वॉरंटी संपलीये, मॅडम. सात महिने झाले."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली काउंटरपलीकडची मुलगी हे इतक्या गोड आवाजात म्हणाली की क्षणभर मला धड रागही येईना.

"अगं बाई, मी लॅपटॉप घेऊनच तीन आठवडे झालेत," मी म्हटलं. "मग सात महिन्यांपूर्वी संपली कशी?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कंपनीतून माल बाहेर पडला त्या दिवसापासून एक वर्ष धरतो आम्ही. हा बाहेर पडलाय एकोणीस महिन्यांपूर्वी."

"पण खोका सीलबंद होता. मी माझ्या हाताने सील फोडलंय."

"सीलचा काही संबंध नसतो, मॅडम. आमच्या अधिकृत दुकानातून घेतला असता तर बिलाची तारीख धरली असती. हे दुकान आमच्या यादीत नाही." मग तिने खोक्याच्या तळाशी छापलेल्या नंबरावर बोट ठेवलं. "हा नंबर बाहेरच असतो. घेण्याआधी साइटवर टाकला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. घेताना बघायचं ना."

तिचं काही चुकलं नाही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण 'घेताना बघायचं ना' हे मी गेली एकतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आले आहे.

मी रुग्णालयाच्या औषधभांडारात काम करते. गाडी आली की सही करण्याआधी मी खोका उलटा करते आणि तारीख वाचते. मुदत जवळ आलेला माल असेल तर आल्या पावली परत. मग पुरवठादार हातापाया पडो, नाहीतर वरून साहेबांचा फोन येवो. एकदा साहेबांनी स्वतः खाली येऊन सांगितलं, "घ्या हो बाई, संपून जाईल तो महिन्याभरात." मी म्हटलं, "मग तसं लिहून द्या." ते जिना चढून निघून गेले. मला तिथे सगळे तारीखबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं.

मग तारीखबाईच्या तोंडाला पानं पुसली कशी? मला राग आहे तो याचाच. त्या दुकानदारावर आहेच, पण आधी स्वतःवर आहे.

गोळ्यांच्या पाकिटावर जी तारीख छापलेली असते ती अखेरची. डोळ्यांच्या थेंबांचं तसं नसतं. त्या बाटलीला आणखी एक हिशेब असतो: सील फोडलं की महिनाभरात वापरून टाकायची. म्हणजे सील फोडेपर्यंत तो महिना सुरूच होत नाही. खोक्यावरचा बनावटीचा महिना मी वाचला होता. माल जुना आहे हे दुकानदारानेही लपवलं नव्हतं, म्हणून तर तो परवडला. मी विचारलं, "वॉरंटी कधीपासून?" तो म्हणाला, "तुम्ही चालू कराल त्या दिवसापासून वर्षभर." मला ते थेंबांसारखं वाटलं आणि लगेच पटलं. दुसरी कोणी बाई असती तर तिने चार ठिकाणी विचारलं असतं. मला भांडारातलं शहाणपण नडलं.

लॅपटॉप माझ्यासाठी नव्हता, धाकटीसाठी होता. माझी ही बहीण आमच्याच रुग्णालयात बावीस वर्षं टेलिफोनवर होती. खोलीखोलीत थेट फोन आले आणि तिची जागाच गेली. पाठोपाठ ती जिन्यावरून पडली, खुबा मोडला आणि माझ्याकडे राहायला आली. चार वर्षं ती माझ्या घरात पाहुणीसारखी राहिली. पंखा लावू का, चहा करू का, सगळं विचारून. तिच्या त्या विचारण्याची मला चीड यायची आणि मग चीड आल्याची लाज वाटायची.

दोन महिन्यांपूर्वी एका तपासणी केंद्राने तिला घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं. डॉक्टर तोंडी अहवाल सांगतात, तो ऐकून टाइप करायचा. डॉक्टरांचं पुटपुटणं तिच्याइतकं कोणाला कळणार? बावीस वर्षं तेच ऐकलंय तिने. काम सुरू झालं आणि आठवड्याभरात बाई मला न विचारता पंखा लावायला लागली. एक दिवस तर मला म्हणाली, "ताई, जरा हळू बोल, मी कामात आहे." मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

अठराव्या दिवशी स्क्रीन काळी झाली. केंद्राच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी सकाळी काम सुरू व्हायला हवं. तुमच्या जागी यायला दुसऱ्या तयार आहेत." आज शनिवार होता. आणि धाकटी लॅपटॉप घेण्याआधीच म्हणाली होती, "ताई, मोठ्या दुकानातून साधासा घेऊ." मी म्हटलं होतं, "तुला मालातलं काय कळतं?"

"मदरबोर्ड गेलाय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दुरुस्तीपेक्षा नवा घेतलेला बरा."

नवा घेण्याची ऐपत असती तर मी त्या माणसाच्या दुकानाची पायरी चढले असते का? मी खोका काखेत मारला आणि तिथून थेट त्याच्याकडे गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं.

दुकानात एक जोडपं उभं होतं. नवरा वॉचमनच्या गणवेशात, बायकोच्या गळ्यात कपडे मापायची टेप तशीच राहिलेली, शिलाई मशीनवरून उठून आली असावी. त्यांच्यासमोर माझ्यासारखाच खोका होता, सीलबंद.

दुकानदाराने मला पाहिलं, काखेतला खोका पाहिला आणि त्याला सगळं समजलं. "या ताई, बसा."

"बसायला नाही आले मी."

तो चटकन उठला आणि मला आतल्या कपाटांकडे घेऊन गेला.

"चालू केल्यापासून वर्षभर म्हणाला होतात," मी म्हटलं.

"कंपनीचे नियम बदलतात, ताई. त्याला मी काय करणार?"

"बिलावर 'कंपनीची वॉरंटी लागू' असं लिहिलंय तुम्ही."

"लागू आहेच की. जेवढी उरली असेल तेवढी."

त्याच्या एक कानाखाली वाजवावी असं वाटलं. खरंच वाटलं, हात शिवशिवत होता. "मी ग्राहक मंचात जाईन."

"जा ना. दोन वर्षं लागतात. मी इथेच आहे." मग त्याने मान वळवून त्या जोडप्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाहीतर असं करू. हा ठेवा इथे, दुसरा सीलबंद घेऊन जा. त्याचे पाच महिने बाकी आहेत, तुमच्यासमोर बघून देतो. फक्त तिकडे काही बोलायचं नाही."

त्याने कपाटातून दुसरा खोका काढला, त्यावरचा नंबर फोनवर टाकला आणि मला तारीख दाखवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"म्हणजे तुम्हाला येतं बघायला," मी म्हटलं.

"धंदा आहे, ताई."

"आणि त्यांच्या खोक्याचे किती बाकी आहेत?"

खोका माझ्यापुढे धरून तसाच उभा राहिला.

मला ओरडायचं होतं. वाटेत ठरवलेला एकूण एक शब्द तोंडात तयार होता. पण डोळ्यांसमोर सोमवार आला, आणि पंख्याच्या बटणापाशी उभी राहून माझ्याकडे बघणारी धाकटी आली. मी हात पुढे केला आणि खोका घेतला.

बाहेर येताना त्या बाईने मला थांबवलं. "काकू, तुम्ही पण इथूनच घेतलात का हो? लेकीला कॉलेजात लागतोय. आम्हाला यातलं काही कळत नाही. चांगला असतो का?"

नवराही माझ्याकडे बघत होता. दुकानदार मागे उभा होता. त्यांचा खोका उलटा करायचा आणि नंबर दाखवायचा, एवढंच काम होतं. एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

"सील शाबूत आहे," मी म्हटलं.

"हो का? बरं झालं बाई तुम्ही भेटलात," ती म्हणाली, आणि नवऱ्याला म्हणाली, "घेऊन टाकू या मग."

मी बसथांब्यावर येऊन उभी राहिले. थोड्या वेळाने ती दोघंही आली. ती बाकावर बसली, खोका मांडीवर घेतला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि सरकून माझ्यासाठी जागा केली. "या काकू, बसा ना. किती वेळ उभ्या राहणार?"

समोर जी बस आली तिच्यात मी चढले. पाटी वाचली नाही. आत शिरते न शिरते तोच धाकटीचा फोन आला.

"मिळाला?"

"मिळाला. बदलून दिला."

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. खूप दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. "तू गेल्यावर काय बिशाद आहे त्याची. चांगला फैलावर घेतला असशील ना?"

कंडक्टर शेजारी येऊन उभा होता. कुठे जायचं, असं त्याने दोनदा विचारलं. मला सांगता येईना.