मोहाच्या हंगामातला सायलेन्सर

दानिशच्या लाल गाडीचं इंजिन हिरटोल्याच्या रस्त्यावर अकराव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेलं. पण असं काही घडलेलं नाही. दानिशला विचारा, तो सांगेल की गाडी जंगलात आराम करून राह्यली. त्याचं मन मोडायला नको म्हणून आपणही तसंच धरून चालू: गाडी ठणठणीत आहे, बॉनेट बंद आहे, आणि आतून जो जळका वास येतो तो मोहफुलांचा आहे.

रईसचं सायलेन्सरचं दुकान चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पंधरा वर्षं तो घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकांचे फाटलेले पाइप जोडत आला होता, आणि त्या कामात त्याचा डावा कान गेला होता. उजवा अर्धा शिल्लक होता, तो गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचा. इंजिन तो हाताने ऐकायचा. पाइपच्या तोंडामागे तळवा धरायचा, धुराचे ठोके मोजायचा, आणि कुठल्या सिलिंडरचं पोट दुखतंय ते सांगायचा. ट्रकवाले त्याला डॉक्टर म्हणत. डॉक्टरला ऐकू येत नाही याचं कुणाला काही वाटत नसे.

दानिश त्याचा मावसभाऊ. लग्नाच्या मंडपांना रोषणाई पुरवायचा. त्याने नागपूरहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारांची, दोन माणसांची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की घुग्घुसच्या रस्त्यावर खड्डा आला की ती थांबून विचार करायची.

"आवाज पाह्यजे," दानिश म्हणाला. "एवढी गाडी घेतली अन् मांजरासारखी येते. लोकायले समजन कसं, का आपण आलो?"

"कंपनीनं पाइप असा बारीक काऊन ठेवला असंन, कधी विचार केला का?" रईस म्हणाला. "धूर गाळायचा डबा, कॅटकॉन, काढला, मोठा पाइप टाकला, का धूर सुसाट जाईन. वरच्या स्पीडले थोडी पळन बी. पण इंजिनाच्या कम्प्युटरले हे कोण सांगन? तो जुन्याच अंदाजानं पेट्रोल देत राहीन. हवा जास्त, पेट्रोल कमी. आत भट्टी होईन. व्हॉल्व जळतीन."

"मंग कम्प्युटरले सांग ना."

"ते हैदराबादचा लॅपटॉपवाला करते. मले नाई येत."

"मंग बलावू त्याले."

दानिशच्या तोंडचा 'मंग' ही अशी वेळ होती जी आजवर कुठल्याच घड्याळात वाजली नव्हती. रईसला ते माहीत होतं. तरी त्याने कॅटकॉन कापला, मूळ सायलेन्सर उतरवला, दोन्ही पोत्यात बांधून ठेवले, आणि सरळ, जाड, चकचकीत पाइप बसवला. काम सुंदर झालं. वेल्डिंगची शिवण अशी की साबिराखालाने, म्हणजे दानिशच्या आईने, पाहिली असती तर आपल्या शिलाई मशीनवर रागावली असती. गाडीला कंठ फुटला. मात्र खालच्या गिअरमधला तिचा जोर गेला, आणि जटपुरा गेटपाशी दोन पोती तांदूळ घेतलेली एक स्कूटी तिला मागे टाकून गेली. गाडी त्या वेळी वाघासारखी गर्जत होती.

दुसऱ्या दिवशी स्पीडच्या काट्याच्या बाजूला पिवळा दिवा पेटला.

"हा काऊन पेटला?"

"इंजिन बोंबलून राह्यलं."

"बंद कर ना त्याले."

रईसने दिव्यावर काळी टेप लावली. दिवा दिसेनासा झाला. दानिशचं समाधान झालं. रईसचं झालं नाही, पण मिस्त्रीचं समाधान हे काही गाडीच्या कामात धरत नाहीत.

ट्रायलसाठी दानिशने गडचिरोलीकडचा जंगलाचा रस्ता निवडला, आणि वेळ पहाटेची, कारण तेव्हा पोलीस चहा पीत असतात. हिरटोल्याच्या वळणावर चौदा बाया आणि एक म्हातारा टोपल्या घेऊन एकमेकांना चिकटून उभे होते. कुणी हललं नाही. त्यांच्यापुढे पन्नास पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, वाघीण बसली होती.

दानिशचा पाय भीतीने ॲक्सिलरेटरवरून उडाला. पाय उडाला की या पाइपमध्ये उरलेलं पेट्रोल बाहेर येता येता पेटायचं, तसं ते पेटलं. फाट, फाट, फटाक. वाघीण उठली, ऑफिस सुटल्यासारखी रस्त्यावरून उतरली आणि झुडपात गेली.

म्हातारा गाडीपाशी आला. त्याचं नाव झिंगू. त्याने पाइपकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे रोज होते का?"

त्याचं कारण असं. गेल्या वर्षी मोहाच्या हंगामात मंगली नावाची बाई फुलं वेचायला गेली ती परत आली नाही. तिची टोपली आली. यंदा फुलं पडत होती आणि हरणं खात होती. वनरक्षक दिनेश येऊन सांगून गेला होता की गटाने जा. पण हिरटोल्यात मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं, आजा-पणजापासून, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. बायांनी गट केला असता. झाडं गट करायला तयार नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गावसभेने दानिश आणि रईस दोघांना बोलावलं. तिथे हात वर करून निकाल लागत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत सगळे बसतात. वीस दिवस, पहाटे साडेपाच ते नऊ, गाडी गावापासून नाल्यापर्यंत तीन किलोमीटर येईल-जाईल, आवाज आहे तोवर बाया वेचतील, आवाज थांबला की टोपली टाकून रस्त्यावर येतील, असं ठरत आलं होतं. दानिश तर लगेच हो म्हणाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे आवाज मागत होतं. फक्त झिंगू नाही म्हणत होता. दुपारी बारा वाजता नाही म्हणाला होता, आणि आता पाच वाजत आले होते.

"मशीनचा भरोसा काय?" झिंगू म्हणाला. "आमी आत असू अन् हे मधातच बंद पडलं तं?"

सगळ्यांच्या माना एकदम रईसकडे वळल्या.

"मिस्त्री, तूच बनवला ना पाइप? वीस दिवस टिकन का?"

रईसला काळी टेप दिसली. आतली भट्टी दिसली. दानिश त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होता, पण त्याचं काही नव्हतं, तो जन्मापासून तसाच पाहायचा. समोर बुधरी बसली होती, मंगलीची जाऊ. ती काही मागत नव्हती. नुसती त्याच्या ओठांकडे पाहत होती, शब्द पडला तर झेलायला.

"टिकन," रईस म्हणाला.

"मंग माहं बी हो," झिंगू म्हणाला, आणि गावसभेच्या वहीत लिहिलं गेलं: रईस मिस्त्री यांनी टिकेल असे सांगितले. सर्वसहमती.

काम सुरू झालं. बुधरीची झाडं सगळ्यात लांब, नाल्यापलीकडे, एक तिचं आणि एक मंगलीचं. म्हणून ती रोज दानिशशेजारी पट्टा लावून, टोपली मांडीवर घेऊन जायची. "गाडी बरी हाय," तिने मत दिलं, "पण बसलं का उठता येत नाई. म्हशीच्या चिखलाच्या डबऱ्यावानी." रईस नाल्याच्या टोकाला पाण्याचा कॅन घेऊन थांबायचा. तिथे गाडी वळायची, उभी राहून दोन मिनिटं गर्जायची, आणि परत जायची. उभ्या गाडीला वारा लागत नाही, तिथेच ती जास्त तापायची.

कामाच्या चौथ्या दिवशी दिनेश आला. जंगलाच्या फलकावर हॉर्न वाजवू नये असं लिहिलं होतं. त्याने फलक दोनदा वाचला. सायलेन्सरबद्दल त्यात काही नव्हतं. त्याने डायरीत 'निरीक्षण चालू आहे' असं लिहिलं आणि कानात बोटं घालून गेला.

सहाव्या दिवशी रईसने पाइपमागे तळवा धरला. एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही. एक, दोन, तीन, काहीच नाही.

"चौथ्याचा ठोका सुटून राह्यला," तो दानिशला म्हणाला.

"मले तं आवाज मस्त येऊन राह्यला."

"आवाज मस्तच येईन बे. व्हॉल्व जळाला का सगळा जाळ थेट पाइपात येते. जुना सायलेन्सर परत बसवू, कम्प्युटरवाल्याले बलावू. इंजिन वाचन."

"अन् आवाज?"

रईसने तळव्यावरची काजळी पँटला पुसली. जुना सायलेन्सर बसवला तर गाडी मांजर होणार. नाही बसवला तर मरणार. मधला एकच रस्ता होता: गावसभेत जाऊन सांगायचं की मी खोटं बोललो, उद्यापासून आत जाऊ नका. त्या संध्याकाळी तो झिंगूच्या अंगणात गेला. झिंगूने खाट टाकली, भाजलेल्या मोहफुलांचा लाडू हातावर ठेवला आणि म्हणाला, "मिस्त्री, मंगलीच्या झाडाखालची फुलं घरात आली आज. तुह्यामुळं."

रईसने लाडू खाल्ला आणि परत आला. सातव्या दिवशीही गेला. आठव्याही. नवव्याही. सांगायचं ते सोडून पावसापाण्याचं, रस्त्याचं, दानिशच्या लग्न न जमण्याचं बोलून झालं. त्याने चार दिवसांत नऊ लाडू खाल्ले. एकही नीट उतरला नाही.

अकराव्या दिवशी गाडी नाल्यापाशी वळली, उभी राहिली, गर्जली, आणि आतून कुणीतरी मूठभर खिळे पातेल्यात टाकावेत तसा आवाज झाला. मग काहीच झालं नाही. हे 'काहीच नाही' खूप मोठं होतं. रईसला ते डाव्या कानानेही ऐकू आलं.

"आराम करून राह्यली," दानिश म्हणाला.

बाया ठरल्याप्रमाणे टोपल्या टाकून पळत रस्त्यावर आल्या. रईसने मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. दानिशलाही चुकून मोजलं, तेव्हा चौदा झाल्या. बुधरी नव्हती.

आणि मग त्याला आदला दिवस आठवला. त्याने बुधरीला पाणी पाह्यजे का विचारलं होतं, आणि ती त्याच्याकडे पाहून नुसती हसली होती. अकरा दिवस ती त्या पाइपच्या पोटात बसून येत-जात होती. ते हसू रईसने ओळखायला हवं होतं. पंधरा वर्षं तो स्वतः गिऱ्हाइकांकडे पाहून तसंच हसत होता. आवाज थांबल्याचं तिला कळलंच नव्हतं.

"चाल, आत जाऊ," तो म्हणाला.

"मी गाडीजवळ थांबतो," दानिश म्हणाला. "चोरी होईन."

रईस एकटा नाला उतरून वर गेला. बुधरी मंगलीच्या झाडाखाली बसली होती, त्याच्याकडे पाठ करून, एकेक फूल उचलत. तिच्या पलीकडे, तीसेक पावलांवर, करवंदीच्या जाळीत वाळलेलं गवत चांगलं गादीसारखं दबलेलं होतं. एका दिवसात दबत नाही इतकं. वाघीण त्या गादीवरून नुकतीच उठत होती. तिने जांभई दिली आणि इकडेतिकडे पाहिलं, लाइट जाऊन पंखा थांबला की माणूस झोपेतून उठून पाहतो तशी.

रईसला सगळं एकदम कळलं. आवाजाने ती कुठेच गेली नव्हती. पहिल्या दिवशी दचकली असेल. मग तिला सवय झाली. रोज साडेपाच ते नऊ ती इथे, बुधरीपासून तीस पावलांवर, गाढ झोपत होती. शांततेने तिला उठवलं होतं.

त्याने बुधरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब ना बाबू, अर्धी टोपली रिकामी हाय," ती म्हणाली. ज्याला ऐकू येत नाही तो जितक्या जोरात बोलतो, तितक्या जोरात.

वाघिणीने मान वळवली.

रईसकडे काठी नव्हती, फटाका नव्हता. त्याच्याकडे एकच गोष्ट होती, ती त्याला पंधरा वर्षं पाठ होती. त्याने घशातून इंजिन सुरू केलं. आधी हळू, मग भरून. घुर्र, घुर्र, घुर्र, आणि एक रिकामी जागा. घुर्र, घुर्र, घुर्र, रिकामी जागा. चौथा ठोका त्याने यातही सोडला. कारागीर माणूस, जे होतं तेच वाजवलं. एका हाताने बुधरीचं मनगट धरून तो उलट्या पावलांनी निघाला. बुधरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं, आणि टोपली न सोडता उठली. वाघीण कान टवकारून ऐकत राहिली. मग तिने पुढचे पाय दुमडले आणि बसली. रस्त्यावर येईपर्यंत रईस थांबला नाही. आल्यावरही त्याला थांबता येईना. बायांबरोबर रस्त्यावर थांबलेल्या झिंगूने पाठीत धपका घातला तेव्हा इंजिन बंद झालं.

दुपारी गावसभा बसली. रईसचा घसा फाटला होता.

"मले सहाव्याच दिवशी समजलं होतं," तो म्हणाला. "खरं तं पहिल्याच दिवशी. टिकणार नाई हे माहीत होतं. मी टिकन म्हणलो."

झिंगूने वही मागवली आणि ते पान काढलं. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"वहीत लिवलं हाय, टिकन," झिंगू म्हणाला. "आमी तुह्या शब्दावर बाया आत धाडल्या."

"हो."

"माही बी सही हाय त्याच्यावर."

रईसने मान खाली घातली. मग त्याने करवंदीची जाळी, गवताची गादी, तीस पावलं, सगळं सांगितलं. उद्यापासून आवाज नाही, आणि वाघीण तिथेच आहे. कुणीतरी बुधरीच्या कानाशी तोंड नेऊन ते सगळं ओरडून सांगितलं. तिने नीट ऐकलं, दोन शब्द पुन्हा विचारले.

"झोपते ना थे?" ती म्हणाली. "मंग झोपू द्या. नऊ दिवसाची फुलं बाकी हायेत. मी उद्या पायी जाईन."

"बुधरी बाई, आवाज नसला का ते झोपत नाई," रईस घसा ताणून म्हणाला.

"काय म्हणते थो?" तिने शेजारणीला विचारलं. शेजारणीने सांगितलं. बुधरीने खांदे उडवले. झाड तिच्या घरचं होतं. गावसभा कुणाला त्याच्या झाडाखाली जायला नाही म्हणू शकत नव्हती, तशी रीतच नव्हती. तिच्या मागोमाग आणखी सहा जणींनी आम्हीही जाऊ म्हणून सांगितलं.

दिनेश कोपऱ्यात डायरी घेऊन उभा होता. "तुमचं जे म्हणणं असंन ते लेखी द्या," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच ओले होते. "मी वर पाठवतो. मले तेवढंच येते."

रईसने वहीचं कोरं पान फाडलं, मांडीवर ठेवलं आणि लिहायला घेतलं.

प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब. विषय: वाघिणीच्या झोपेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, मौजा हिरटोला येथील नाल्यापलीकडे, करवंदीच्या जाळीत वास्तव्यास असलेली वाघीण मागील अकरा दिवस सकाळच्या वेळेत नियमितपणे झोपत असून त्याबाबत ग्रामस्थांची कोणतीही तक्रार नाही. तथापि खाली सही करणाऱ्याच्या चुकीमुळे आवाजाची सोय बंद पडली आहे. श्रीमती बुधरी व इतर सहा महिला उद्यापासून पायी जाणार असून त्या कोणाचे ऐकत नाहीत. त्यांपैकी एकीस ऐकू येत नाही, तेही खाली सही करणाऱ्यामुळेच. तरी सदर वाघिणीस आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी की, उर्वरित नऊ दिवस पहाटे साडेपाच ते नऊ या वेळेत, आवाज असो वा नसो, तिने पूर्ववत झोपून राहावे. आणि समज मिळाल्याची तिची पोच उद्या पहाटे पाचच्या आत अर्जदारास देण्यात यावी, ही नम्र विनंती.