कानाला सोसेल असं गाणं

धनकुंवरबाईंच्या डोक्यात यंत्र बसवलं तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्याआधी चार वर्षं त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. एका तापानंतर आधी उजवा कान गेला, मग डावा, आणि जळगावच्या भरल्या घरात त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकल्या. ऑपरेशन पुण्यात झालं. महिन्याभराने कानामागचा भाग लावून यंत्र सुरू केलं, तेव्हा त्यांचे यजमान सुरेशचंद समोर बसून त्यांचं नाव घेत होते. धनकुंवरबाईंना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू आलं. त्या रडल्या. सुरेशचंदांना वाटलं, आनंदाने रडताहेत.

पुढच्या सहा महिन्यांत बोलणं कळायला लागलं. यंत्राची जुळवणी करायला त्या दर महिन्याला धुळ्याला जात. तिथे कशिश नावाची तरुण ऑडिओलॉजिस्ट होती. ती कॉम्प्युटरवर आवाजाचे पट्टे वरखाली करायची आणि त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यायची. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर आता धनकुंवरबाईंना ओठ न बघताही समजायचं. गाणी मात्र परत आली नाहीत. लहानपणी रेडिओला कान लावून ऐकलेली हिंदी गाणी लावली की पन्नास व्हायोलिनं, ढोलक, गाणारा, सगळं एकात एक कालवल्यासारखं व्हायचं. वाईट एवढंच की ती गाणी त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे काय हरवलंय ते ओळीओळीला कळत राहायचं. शेवटी त्यांनी गाणी लावणं सोडून दिलं.

कशिश म्हणाली, असं सोडू नका, रोज थोडं तरी ऐका, कानापेक्षा मेंदूच शिकतोय. म्हणून सुरेशचंदांनी एक चांगला स्पीकर आणला. पंधरा दिवसांत तो खरखरायला लागला, आणि तो घेऊन दोघं सुभाष चौकामागच्या गल्लीत इसाकभाईंच्या दुकानात गेले.

इसाकभाई मिक्सर, पंखे, अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. दुकान आठ बाय दहाचं, पण मागच्या भिंतीला छतापर्यंत रेकॉर्डी लावलेल्या. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते आणि कॉलनीत नाचगाण्याचे कार्यक्रम असले की माइक, स्पीकर तेच लावायचे. तिथल्या एका अँग्लो-इंडियन गार्डची विधवा मुलाकडे परदेशी निघाली तेव्हा नवऱ्याच्या सगळ्या रेकॉर्डी तिने इसाकच्या वडिलांना देऊन टाकल्या. बहुतेक जॅझ, आणि बाकी संथ, मऊ आवाजात गायलेली इंग्रजी गाणी. इसाक तेव्हा चौदा वर्षांचे होते. इंग्रजी त्यांना आजही बेताचंच येतं, पण त्या रेकॉर्डींनी त्यांना जे धरलं ते सोडलं नाही. अल्बमांची नावं नीट वाचता यायची नाहीत म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती: निळ्या कव्हरची बाई, चष्मेवाला, पावसातला माणूस. दुकानात मिक्सर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते काहीतरी सुचवायचे. मोबाइलवर अमुक शोधा म्हणून चिठ्ठी लिहून द्यायचे. गिऱ्हाईक चिठ्ठी खिशात घालायचं आणि मिक्सर घेऊन जायचं. कुणी परत येऊन ‘ऐकलं बरं का’ असं कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी स्पीकर उघडला आणि खरखर कधीपासून आहे ते विचारलं. सुरेशचंद सांगायला लागले, तेवढ्यात धनकुंवरबाई मध्येच म्हणाल्या, “खरखर स्पीकरची आहे की माझ्या कानाची, हे मला कळत नाही.”

इसाकभाईंनी स्पीकर लावून पाहिला. “स्पीकरचीच आहे, भाभी,” ते म्हणाले. मग हातातलं काम ठेवून त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि त्यांना नेमकं काय ऐकू येतं ते विचारायला सुरुवात केली. गाण्यात काय कळतं, काय नाही. बाईचा आवाज बरा की पुरुषाचा. तबला कळतो का. असं कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. धनकुंवरबाई अर्धा तास बोलल्या. ठेका कळतो, सूर कळत नाही, आणि जुनी गाणी तर ऐकवतच नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

“मग जुनी ऐकूच नका,” इसाकभाई म्हणाले. “जे गाणं तुम्ही कधी ऐकलंच नाही, त्यातलं काही हरवायची भीती नाही.”

त्यांनी निळ्या कव्हरची रेकॉर्ड काढली. त्या अल्बममध्ये एक बाई गाते आणि तिच्यासोबत बास नावाचं माणसाएवढं उंच, जाड तारांचं वाद्य वाजतं, अधूनमधून ड्रमवर काठीऐवजी तारांचा ब्रश फिरतो, बस, तिसरं काही नाही. मे महिना होता, पत्रे तापले होते, पण कूलरची घरघर मध्ये येते म्हणून इसाकभाईंनी तो बंद केला. तिघं घामाघूम होऊन ऐकत बसले. बाईचा सूर धनकुंवरबाईंना कळला नाही, पण ब्रशचा आवाज ऐकून त्या एकदम सरळ बसल्या. सुरेशचंदांची डाळीची मिल होती, धनकुंवरबाईंची सारी हयात डाळीत गेलेली. त्या म्हणाल्या, कुणीतरी सुपात डाळ हलवतंय. इसाकभाईंनी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तीन वाजता, गल्ली सुस्तावलेली असताना, त्या दुकानात यायच्या. इसाकभाई तासभर ऐकवायचे आणि तेच पेनड्राइव्हवर भरून द्यायचे, म्हणजे आठवडाभर घरी ऐकता येईल. इंग्रजी शब्द समजत नव्हते, त्याचं काही अडलं नाही. तिसऱ्या रविवारी बाई श्वास कुठे घेते ते त्यांना कळलं. पाचव्या रविवारी बास वर चढतो आणि खाली उतरतो हे हाताने दाखवता आलं. सुरेशचंद सुरुवातीला सोबत बसायचे, मग पेपर वाचायचे, मग नुसते सोडायला यायला लागले.

इसाकभाई तर हरखूनच गेले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं ऐकत होतं. त्या भरात जुलैमधल्या एका रविवारी त्यांनी आपली सर्वांत लाडकी रेकॉर्ड लावली. वीस वादकांचा ताफा, ट्रम्पेटं, सॅक्सोफोन, आणि वरून खणखणीत गळ्याचा गाणारा. धनकुंवरबाईंनी मिनिटभर सोसलं. मग कानामागचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि रेकॉर्ड संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या. निघताना नमस्कार केला, पण पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

घरी जेवताना इसाकभाईंनी बायकोला, मुमताजला, सगळं सांगितलं. एवढी सुंदर रेकॉर्ड, आणि त्यांना झेपली नाही, असं ते म्हणाले. मुमताजने पोळी वाढता वाढता विचारलं, “तुम्ही त्यांना त्यांच्यासाठी ऐकवत होता, का तुमच्यासाठी?”

ते त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी एक फाटक्या पडद्याचा जुना स्पीकर शोधला, पत्र्याच्या डब्यात बसवला आणि दोन्ही कानांत कापूस घातला. धनकुंवरबाईंना जसं ऐकू येतं तसं ते नसणार हे त्यांना माहीत होतं, पण याहून जवळ जाता येत नव्हतं. त्या डब्यातून त्यांनी भिंतीवरची एकेक रेकॉर्ड नव्याने ऐकली. जिचा आवाज कापसातून आणि पत्र्यातूनही उभा राहतो ती एका बाजूला, जी चिखल होऊन जाते ती दुसऱ्या बाजूला. त्यांच्या आवडीच्या बहुतेक चिखलाच्या बाजूला गेल्या. ज्यांना ते आजवर साध्या, झोप आणणाऱ्या म्हणायचे, त्यांतल्या कितीतरी तरल्या. बारा दिवस लागले. शेवटी चोवीस अल्बम उरले. सोप्यापासून अवघडापर्यंत त्यांचा क्रम लावून इसाकभाई तो कागद घेऊन सुरेशचंदांच्या घरी गेले.

धनकुंवरबाई डाळ धूत होत्या. इसाकभाईंनी थेट माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुमचा राग नव्हता आला. मला वाटलं, माझी हद्द आली. आता इथून पुढे काही नाही.”

“हद्द नव्हती, भाभी. मीच पहिलीतल्या मुलाला दहावीचं पुस्तक दिलं.”

त्यांनी कागद पुढे केला. धनकुंवरबाईंनी तो वाचला, आणि चोवीस अल्बम त्यांनी कसे निवडले ते विचारलं. कापसाची आणि डब्याची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग ओले हात पदराला पुसून म्हणाल्या, रविवारी येते.

यादीतला सातवा अल्बम पियानो आणि एका बाईचा होता. तिचा आवाज जाडसर, वय झालेला. श्रावणातल्या एका दुपारी तो चालू असताना धनकुंवरबाईंनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

“ही हसत गातेय,” त्या म्हणाल्या.

इसाकभाईंना वाटलं, त्यांचा काहीतरी गैरसमज झाला, कारण गाणं तर उदास होतं. त्यांनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा ऐकलं. कडव्याच्या शेवटी एका शब्दावर तिचा आवाज किंचित रुंद व्हायचा, हसताना ओठ ताणले की होतो तसा. चाळीस वर्षं ती रेकॉर्ड त्यांच्याकडे होती आणि हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते खरंच, खरंच असं म्हणत राहिले. धनकुंवरबाईंनी डोळे पुसले. या वेळी सुरेशचंद तिथे असते तर त्यांचा अंदाज बरोबर ठरला असता.

ही हकिकत त्यांनी धुळ्याला कशिशला सांगितली, तेव्हा तिने ती यादी मागून घेतली. मग जरा चाचरत तिने एक विचारलं. तिच्याकडे लोटन नाना म्हणून शिरपूरकडचे निवृत्त एसटी कंडक्टर येत होते. त्यांना यंत्र बसवून चार महिने झाले होते, पण ते घरी ते काढून कपाटात ठेवायचे. त्यांच्या बायकोने, भिकुबाईने, हात टेकले होते. मी सांगितलं की ते नुसती मान हलवतात, कशिश म्हणाली. ज्याने हे भोगलंय अशा माणसाने सांगितलं तर कदाचित ऐकतील.

पुढच्या गुरुवारी धनकुंवरबाई आणि इसाकभाई सकाळच्या बसने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. सोबत छोटा स्पीकर होता. कशिशच्या खोलीत लोटन नाना खुर्चीत अंग चोरून बसले होते, आणि भिकुबाई दाराजवळ. इसाकभाई सवयीने निळ्या कव्हरची बाई लावायला लागले, तसं धनकुंवरबाईंनी त्यांना अडवलं. त्या आधी नानांशी बोलल्या, हळू, एकेक शब्द तोडून. बायकोचं बोलणं जास्त कळतं की ऑपरेशन केलेल्या डॉक्टरसाहेबांचं, हे त्यांनी विचारलं. डॉक्टरांचं, नाना म्हणाले. बाईमाणसाचा आवाज टोचतो.

“मग चष्मेवाला लावा,” त्या इसाकभाईंना म्हणाल्या. तो यादीत नववा होता. एक पुरुष खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा गातो आणि मागे फक्त बास. इसाकभाई म्हणाले, फार लवकर होईल. धनकुंवरबाई म्हणाल्या, तुमचा क्रम माझ्या कानाचा आहे, यांच्या नाही. इसाकभाईंनी चष्मेवाला लावला.

पहिलं गाणं झालं. नाना म्हणाले, “बठ्ठा आवाज एकसारखाच शे.”

धनकुंवरबाईंनी मान डोलावली, मलाही सगळे आवाज सारखेच वाटायचे म्हणाल्या, आणि गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका, खाली कोण चालतंय तेवढं बघा, असं सांगितलं. गाणं पुन्हा लागलं. नाना डोळे मिटून बसले. अर्ध्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हाऊ कोण ठोकी राहना?”

ठोकत होता तो बास. नानांचं एक बोट खुर्चीच्या हातावर आपटायला लागलं होतं. आधी चुकत, मागेपुढे, मग ठेक्याला सापडत. कडवं संपलं तेव्हा ते बोट बासच्या बरोबर पडत होतं. भिकुबाई दारातून उठून जवळ आली आणि त्या बोटाकडे बघत उभी राहिली. गाणं थांबलं, तसे नाना म्हणाले, “परत लावा.”

ते गाणं त्या दिवशी पाच वेळा लागलं. निघताना नानांनी यंत्र काढलं नाही. भिकुबाईने इसाकभाईंना विचारून पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून घेतला.

आता धुळ्यात दर गुरुवारी पाच जण जमतात. त्यांत एक कॉलेजातली मुलगी आहे, तिला पियानो आवडत नाही, आणि एक दुकानदार आहे, त्याला फक्त सॅक्सोफोन कळतो. कुणाला कोणता अल्बम द्यायचा यावरून जाताना बसमध्ये धनकुंवरबाई आणि इसाकभाईंचा वाद होतो, आणि पारोळ्यापर्यंत तो मिटत नाही. गेल्या आठवड्यात इसाकभाईंचं म्हणणं खरं निघालं. त्याच्या आदल्या आठवड्यात धनकुंवरबाईंचं. बसमध्ये बसवून द्यायला येणारे सुरेशचंद म्हणतात की बायकोचा आवाज अलीकडे बसमधल्या चार सीटांपर्यंत जातो, जरा हळू बोलत जा असं तिला सांगायला हवं, पण त्यांनी अजून सांगितलेलं नाही.