वसईच्या नणंदेची गाठ

रव्यात अळ्या झाल्या, पोराला खोकला लागला, नवरा रुसला, काहीही होवो, दहिसरच्या त्या चाळीतल्या बायका आधी विमलाचं दार वाजवत. तिच्याकडे उपाय नाही असं कधी झालंच नव्हतं. रव्यात लवंगा टाक, खोकल्याला अडुळसा दे, आणि रुसलेल्या नवऱ्याला दोन दिवस रुसू दे, तिसऱ्या दिवशी कुळथाची पिठी कर. बाई मालवणकडची, बोलणं फटकळ, पण सल्ला फुकट आणि वर चहा. या मानाचा तिला थोडा माजही होता. का नसावा? चौथी शिकलेल्या बाईला एरवी कोण काय विचारतं?

चाळीसमोर गावठाणात ज्युलियाचं कौलारू घर होतं. चाळीत पाणी आलं नाही की विमला हंडा घेऊन ज्युलियाच्या विहिरीवर जाई, आणि तिथेच दोघींचं सूत जमलं, त्याला चौदा वर्षं झाली. ज्युलियाने तिला सुक्या बोंबलाचं लोणचं शिकवलं, विमलाने ज्युलियाला सोलकढी. घरातली कुरकुर मात्र दोघींची सारखीच होती, ती कुणी कुणाला शिकवावी लागली नाही.

नाताळ झाल्यावर एका दुपारी ज्युलिया म्हणाली, "आमच्या पेट्रिशियाला, वसईच्या नणंदेला, छातीत गाठ आलीय गं. सुपारीएवढी."

"दुखते?"

"अजिबात नाही."

"दुखत नाही ना, मग घाबरायचं काय त्यात? आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावायला सांग. महिन्याभरात विरघळेल."

लेप खरा मुक्या माराचा. विमलाच्या आईने शिकवलेला. गाठीला तो चालतो असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं, पण विचारलं की उत्तर द्यायचं ही सवयच झालेली.

फेब्रुवारीत बालवाडीत एक डॉक्टरीणबाई बायकांशी बोलायला आली. छातीतली गाठ दुखत नसेल तरी अंगावर काढू नका, लगेच दाखवा, असं तिने दोनदा बजावलं. ज्युलियाला सांगायला हवं, असं मनात घोकतच विमला घरी आली. पण आपणच दिलेला सल्ला आपणच चूक म्हणायचा, तर जिभेला कुलूप लागतं. वसईला काय डॉक्टर नाहीत, अशी तिने मनाची समजूत घातली. मार्चात ज्युलियाने पुन्हा विचारलं, गाठ अजून आहे म्हणते. विमला म्हणाली, "वेळ लागतो."

मे महिन्यात ज्युलियाकडे बाटली मसाल्याचा घाट असे. वर्षभराचा मसाला एकदाच कुटायचा आणि बियरच्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. यंदा थोरल्या मुलीचं लग्न अठरा दिवसांवर, म्हणून मसाला दुप्पट. अंगणात दोन बायका मुसळं घेऊन कांडत होत्या, ज्युलिया चुलीवर धणे भाजत होती, विमला मिरच्यांचे देठ खुडत होती. एवढ्यात फाटकातून एक धिप्पाड बाई पिशव्या सावरत आत आली. पेट्रिशिया. मसाल्याला ती कधी येत नसे, पण भाचीचे लग्नाचे कपडे बघायला न सांगता आली होती.

विमलाला हायसं वाटलं. बाई चांगली ठणठणीत दिसत होती. तिने शेजारी जागा करून दिली आणि हळूच विचारलं, "गाठ कशी आहे आता?"

"कसली गाठ?"

विमलाने चुलीकडे पाहिलं. ज्युलियाचा उलथनं धरलेला हात थांबला होता. तिने मान वर केली नाही. धणे करपल्याचा वास आला, तरी केली नाही.

"दुसऱ्या कुणाचं तरी असेल बाई," विमला म्हणाली. "उन्हाने माझं डोकं फिरलंय."

मग चूल पेट्रिशियाच्या हवाली करून, हात धुवायच्या निमित्ताने ती ज्युलियाला विहिरीकडे घेऊन गेली.

"केवढी झालीय?"

"लिंबाएवढी."

"तुझ्या अर्बनला ठाऊक आहे?"

"नवऱ्याला कसं सांगू? मुलीच्या सासरी कळलं तर? कुणाला नाही सांगितलं," ज्युलिया म्हणाली. "तुलाच सांगितलं ना."

विमलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लग्न होऊ दे, मग बघू," ज्युलिया म्हणाली. "तोवर दुसरा काहीतरी लेप सांग. जोरदार."

एक नाव घ्यायचा अवकाश, ज्युलिया निमूट घरी गेली असती आणि विमलाचा मानही राहिला असता. शेवग्याची साल म्हण, एरंडाचं पान म्हण. जिभेवर येतही होतं.

"माझ्याकडे काही नाही," विमला म्हणाली.

"असं कसं? तुझ्याकडे असतंच."

"नाही गं. तो लेप मुक्या माराचा. गाठीतलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं. फेब्रुवारीत डॉक्टरीण सांगून गेली, लगेच दाखवायची. मी गप्प बसले. लाज वाटली मला."

"मार्चात तू वेळ लागतो म्हणालीस."

"म्हणाले."

अंगणात मुसळं चाललीच होती. ज्युलिया शिव्या देईल, निघून जाईल, असं विमलाला वाटलं आणि तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. पण ज्युलिया विहिरीच्या कठड्यावर बसली. इतके महिने ती घाबरली नव्हती, कारण विमलाकडे औषध होतं. आता तिने कठडा दोन्ही हातांनी धरला.

"मग ते वाईटच असणार," ती म्हणाली.

नाही गं, असं म्हणायला विमलाचे ओठ हलले. पण ठाऊक नसलेलं पुन्हा सांगायचं तिच्या जिवावर आलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी मोठ्या इस्पितळात जाऊ. मी येते."

"आणि हा एवढा मसाला?"

"तुझी नणंद भरेल."

"तिला सांगावं लागेल मग."

"लागेल."

ज्युलियाने गाऊनच्या बाहीने डोळे पुसले आणि अंगणाकडे बघून हाक मारली, "पेट्रिशिया, जरा इकडे ये गं." विमला दोघींना मोकळं सोडायला म्हणून निघाली, तर ज्युलियाने तिचं मनगट धरलं. रागाने की भीतीने ते विमलाला कळलं नाही, पण पकड घट्ट होती.

"तू कुठे चाललीस? बस इथे," ती म्हणाली. "मला नाही सांगता आलं, तर तू सांग."

विमला तिच्या बाजूला बसली.