हेमाचा डबा

विनीत स्टेजवरून ‘मी’ म्हणाला, तेव्हा सुश्रुतला आधी वाटलं, माइक खराब आहे.

शहाडला, उल्हास नदीकाठच्या मैदानावर मांडव घातला होता. जमीनमोजणी करणाऱ्या ठाण्यातल्या एका कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. “ड्रोनवर बसणारा हा कॉम्प्युटर मी दोन वर्षं खपून बनवला,” विनीत सांगत होता. फोनवर तो म्हणाला होता, “आपला डेमो आहे, ये.” ‘आपला’ हा शब्द डोंबिवलीहून निघाला तो शहाडपर्यंत काही पोचला नाही.

दोन वर्षं खपला होता तो सुश्रुत, स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी. विनीत त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. दर शनिवारी यायचा, पोहे खायचा आणि “भारी रे सुश्र्या” म्हणायचा. कॅमेरा, लेझर आणि जीपीएस ही मंडळी सोसायटीच्या कमिटीसारखी असतात, प्रत्येकजण आपल्या वेळेने येतो. या तिघांना एका घड्याळावर आणणारा वहीएवढा कॉम्प्युटर सुश्रुतने बनवला. लेझर बसवायला नीट चौकट नव्हती, म्हणून बायकोच्या, हेमाच्या, माहेरचा स्टीलचा डबा कापला. डब्याला पोचा होता, त्यामुळे लेझर दीड अंश कलून बसलं. दुसऱ्या कुणी हातोडी घेतली असती. सुश्रुतने प्रोग्रॅममध्ये दीड अंशाची दुरुस्ती टाकली आणि तिला नाव दिलं, ‘हेमाचा डबा’.

“आपण वाटीवरसुद्धा नाव घालून घेतो,” हेमा तेव्हा म्हणाली होती. “या यंत्राचं काहीतरी लिहून घे विनीतकडून.”

“अगं, विनीत काय परका आहे?”

विनीतने डब्याच्या जागी झकपक ॲल्युमिनियमची चौकट बसवून आणली होती. ड्रोन उडाला, नदीकाठाने जाऊन परत आला. पडद्यावर नकाशा उमटला आणि पलीकडच्या चाळीला दोन-दोन छपरं दिसू लागली. एक ड्रोन जातानाचं, एक येतानाचं.

“विनीत, ही चाळ जुळी कधी झाली?” साहेबांनी विचारलं.

मांडव हसला. कंपनीची इंजिनिअर शिवानी लॅपटॉपवर सेटिंग्ज चाळत होती. “सर, इथे ‘हेमाचा डबा, दीड अंश’ असं लिहिलंय. हे काय आहे?”

“ते ना... कोडनेम आहे,” विनीत म्हणाला. “इंटर्नल.”

सुश्रुत उठून उभा राहिला. सगळे वळले. दोन वर्षं कुणाची, पोहे कुणाचे, डबा कुणाचा, हे सांगायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्याने तोंड उघडलं. पण समोर ती वाकडी छपरं होती, आणि वाकडं दिसलं की त्याच्याने बाकी काही बोलवत नसे.

“शून्य करा ते,” तो म्हणाला. “ही चौकट सरळ आहे. दुरुस्ती नको.”

शिवानीने शून्य केलं. छपरं एकमेकांवर बसली. टाळ्या पडल्या.

“हा आमचा सुश्रुत,” विनीत माइकवरून म्हणाला. “सपोर्ट बघतो.”

साहेब विनीतशी हात मिळवत होते. सुश्रुत लॅपटॉपपाशी गेला.

“सर, हेमा कोण?” शिवानीने हळूच विचारलं.

“माझी बायको. डबा तिच्या माहेरचा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग विनीतकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिला सगळं कळलं, हे तिच्या तोंडावर लख्ख दिसलं. सुश्रुत थांबला. आता तरी कुणीतरी बोलेल.

“अरे यार, सर,” ती म्हणाली. “मग ही ओळ उडवू ना? तशी पण शून्यच आहे. आमच्या क्लायंटला विचित्र वाटेल.”

“उडवा,” सुश्रुत म्हणाला. यंत्राच्या दृष्टीने तेच बरोबर होतं.

‘कायमचं काढून टाकायचं?’ लॅपटॉपने विचारलं.

त्या यंत्राच्या बाबतीत आधी विचारून मग काही करणारा आज सुश्रुतला हा लॅपटॉप एकटाच भेटला. पण विचारलं त्याने शिवानीला.