दोन बादशाह आणि उन्हाची पट्टी

घड्याळजींच्या दुकानात खरी वेळ कुठल्याच घड्याळाला ठाऊक नव्हती. भिंतीवर एकोणीस घड्याळं, काही दुरुस्त झालेली, काही व्हायची, आणि प्रत्येक आपलंच घोडं पुढे दामटणारं. म्हणून रविवारी दुपारी मागच्या खोलीत पत्ते मांडले की वेळ उन्हावरून ठरवायची, अशी रीत पडली होती. खिडकीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर यायची आणि सरकत सरकत कडेला जायची. ती टेबलावरून उतरली की हातातला डाव शेवटचा.

खेळणारे तिघं: घड्याळजी, त्यांची थोरली बहीण अक्का आणि निवृत्त पोस्टमास्तर. खेळ लिमिट पोकरचा. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये पाच उघडी, आणि बोली बांधलेली: सुरुवातीला दोन बटणं, पुढे चार, फार तर त्यावर तेवढीच चढ. हुक्की आली म्हणून सगळा ढीग पुढे लोटायची सोय नाही. बटणं खरीखुरी, अक्काच्या शिवणकामातली उरलेली. कुणी पानं टाकली तर ती काय होती हे विचारायचं नाही, हा इथला नियम. अक्काने तो तीस वर्षं पाळला होता आणि इतरांना पाळायला लावला होता.

आज मास्तर नुसते पत्ते वाटत होते. आजचा मामला भावाबहिणीतला होता. लहानपणी खिडकीजवळ कोण झोपणार इथपासून दोघांचे तंटे पत्त्यांवरच मिटत आले होते, पण हा तंटा जरा मोठा होता. अक्काची लेक समुद्रापलीकडे नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. तिने आईला कायमचं बोलावलं होतं. घड्याळजी पत्र वाचून म्हणाले होते, या वयात कुठे धावत सुटतेस. अक्का वाद घालत बसली नाही. ती जिंकली तर जाणार, घड्याळजी जिंकले तर ती हा विषय पुन्हा काढणार नाही, एवढं बोलून तिने बटणांचा डबा उघडला.

घड्याळजींना जिंकायचं होतं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. अक्का गेली तर दिवसभरात दोन शब्द बोलायला या एकोणीस घड्याळांखेरीज कोण होतं?

पट्टी टेबलाच्या कडेला पोचली तेव्हा दोघांच्या ढिगांत जेमतेम दोन बटणांचा फरक होता. हा डाव ज्याचा, त्याचंच सगळं. घड्याळजींनी पानं उचलली. दोन बादशाह. त्यांनी पानं पुन्हा पालथी ठेवली आणि चष्मा पुसला, कारण चेहऱ्याला काहीतरी काम द्यायला हवं होतं. दोघांनी बटणं लावली.

मास्तरांनी तीन पानं उघडली: एक्का, सत्ती, तिर्री. घड्याळजींची नजर एक्क्यावर अडकली. अक्काकडे दुसरा एक्का असला तर त्या जोडीपुढे बादशाह कुठल्या कामाचे? तरी त्यांनी दोन बटणं लावली. अक्काने आपली दोन ठेवली, टक, टक. चौथं पान नव्वी. त्यांनी चार लावली, तिनेही चार. टक, टक, टक, टक. बटणं ठेवण्याची तिची चाल तिच्या शिवणयंत्रासारखी, एका लयीत.

पाचवं पान आलं, राणी. घड्याळजींनी चार लावली. अक्का थोडा वेळ उन्हाकडे बघत राहिली आणि मग तिने आठ ठेवायला घेतली. चढ. तीस वर्षांत अक्काने हाती काही नसताना थाप मारलेली कुणी पाहिली नव्हती. आणि लिमिटमध्ये थाप मारतो कोण? समोरचा आणखी चार बटणं टाकतो आणि पानं बघून मोकळा होतो. तिथे थाप मारणारा एक तर वेडा असतो, नाहीतर फार गरजू.

टक, टक, टक, टक, टक. मग किंचित थांबली. टक. टक, टक.

मास्तरांना काही कळलं नाही. पण चाळीस वर्षं घड्याळाला कान लावून, ठोका कुठे लंगडतो ते शोधणाऱ्या माणसाला कळलं.

खोली संथ झाली. पट्टीतली धूळ तरंगत होती, घड्याळं आपापली वेळ सांगत होती, आणि त्या सगळ्या टिकटिकीखालून त्यांना ते जुनं शिवणयंत्र ऐकू यायला लागलं. ते सोळा वर्षांचे होते, आई नुकतीच गेली होती. अक्काला मोठ्या शहरातल्या नाटकमंडळीत कपडेपटाचं काम मिळत होतं. यंत्रावरची मान वर न करता ती म्हणाली होती, मला नाही जायचं, मला इथेच बरं वाटतं. आणि यंत्र असंच लंगडलं होतं, एकदाच. त्यांनी ते ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण ते त्यांच्या सोयीचं होतं.

अक्काकडे एक्का नव्हता. काहीच नव्हतं. एवढी आस लागली होती तिला.

"चारच तर बटणं आहेत, घड्याळजी," मास्तर म्हणाले. "चारसाठी विचार कसला करताय?"

खरं होतं. चार बटणं टाकली की डाव त्यांचा, आणि उद्या दुपारी अक्का नेहमीसारखी समोरच्या खुर्चीवर. त्यांचा हात बटणांपर्यंत गेलाही. त्यांना ती हवी होती, अगदी लहान मुलासारखी हवी होती. हात तिथेच थोडा वेळ राहिला.

मग त्यांनी दोन्ही पानं पालथीच मास्तरांकडे सरकवली.

"एक्का आहे तुझ्याकडे," ते म्हणाले. "नेहमीसारखा."

पानं गड्डीत घालताना मास्तरांच्या बोटाने एक कोपरा उचलला गेला. त्यांनी आधी बादशाह पाहिला, मग घड्याळजींना, आणि गड्डी गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ पिसत बसले. पट्टी टेबलावरून उतरली.

अक्काने बटणं ओढली नाहीत. हात मांडीवर ठेवून ती भावाकडे बघत होती.

"धाकट्या," ती म्हणाली, "काय होतं तुझ्याकडे?"

तीस वर्षांत पहिल्यांदा तिने नियम मोडला होता. घड्याळजींनी हात पुढे केला, तिच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून घेतलं, सवयीने आधी कानाला लावलं, मग वेळ लावायला किल्ली बाहेर ओढली.

"तिकडे आत्ता किती वाजले असतील?" त्यांनी विचारलं.

अक्काला लगेच सांगता आलं. तिने केव्हाचंच मोजून ठेवलं होतं.