तीन महिने कुणाला सांगायचं नाही

बस डेपोत ड्युट्या लावायचं काम मी करते. कोणता चालक कुठल्या गाडीवर, कुणाची सुट्टी, कुणाची पाळी बदलायची, सगळं माझ्या टेबलावरून ठरतं. चालक मला मागून घड्याळबाई म्हणतात, माहीत आहे मला. म्हणू देत. गाडी सुटली की सुटली, मग मागून हात दाखवून उपयोग नाही, हे त्यांच्या डोक्यात घालता घालता माझे केस पिकले. आणि स्वतःच्या बाबतीत मी काय केलं?

एकोणचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. या वयात बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता वाढते, तेव्हा अकराव्या आठवड्यापासून तेरावा संपेपर्यंत एक सोनोग्राफी आणि सोबत रक्ताची तपासणी करून घ्यायची. बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात, ती त्याच दिवसांत मोजायची असते, नंतर तिला अर्थ राहत नाही. शंका आलीच तर पुढची तपासणी लगेच होते आणि विचार करायला वेळ मिळतो. मला तेवढंच हवं होतं. काय निघायचं ते निघो, पण पोटात हालचाल सुरू व्हायच्या आत मला कळायला हवं होतं. एकदा ते हलायला लागलं की माझ्याच्याने कसलाच विचार होणार नाही, हे मी स्वतःला ओळखून होते.

ती सोनोग्राफी आमच्याकडे एकाच केंद्रात होते, आणि त्या केंद्राच्या काउंटरवर माझी नणंद बसते. वेळा तीच देते.

तुम्ही म्हणाल, मग तर सोन्याहून पिवळं. कसलं काय! सासूबाईंचा हुकूम होता, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. चार वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच महिन्यात डेपोभर सांगून मोकळी झाले होते आणि पाठोपाठ सगळं संपलं. मग एकेक चालक टेबलापाशी येऊन पडेल चेहऱ्याने हळहळून जायचा. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. सासूबाईंनी तो विषय काढला की माझी बोलती बंद. त्यातून नणंदेला मूल नाही. आधीच कळलं आणि मागच्यासारखं झालं, तर तिच्या जिवाला दुप्पट लागेल, असं नवऱ्याचं म्हणणं.

मग शेजारच्या शहरात जाऊ, म्हणाला तो. एका शनिवारी त्याची मीटिंग निघाली, पुढच्या शनिवारी तिथले डॉक्टरच रजेवर. एकटी जाते म्हटलं तर मायलेकांनी घर डोक्यावर घेतलं, या दिवसांत एवढा प्रवास एकटीने करायचा नाही म्हणे. मी चिडले की सासूबाई बोटांवर मोजायच्या आणि म्हणायच्या, अगं, अजून तीन महिने कुठे झालेत? त्यांची मोजणी सुरू व्हायची मी बातमी दिली त्या दिवसापासून. डॉक्टरांची शेवटच्या पाळीपासून. मधला महिनाभर त्यांच्या लेखी मी पोटुशी नव्हतेच. हे मी त्यांना कितीदा समजावलं असेल. त्या म्हणाल्या, मी दोन बाळंतपणं काढलीत, मला नको शिकवूस.

अखेर एकदाचे त्यांचे तीन महिने भरले. हसतमुखाने परवानगी मिळाली. मी दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गेले आणि काउंटरपाशी उभी राहून नणंदेला हळूच बातमी दिली. तिने पाळीची तारीख विचारली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि पडद्याकडे बघत राहिली. अठरावा आठवडा लागला होता. ती सोनोग्राफी आता होत नाही, एवढंच ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आपण लपवलं ते तिला लागलं. मी तिची समजूत घालायला गेले.

"वहिनी, मला माहीत होतं," ती म्हणाली. "आईने कधीच फोन करून सांगितलं होतं. वहिनी स्वतःहून सांगेपर्यंत तू अवाक्षर काढू नकोस, म्हणाली. मी दोनदा तुझ्यासाठी सकाळची वेळ राखून ठेवली. रोज वाटायचं, आज येशील."

मागे रांग खोळंबली होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिथल्या खुर्च्या उचलून फेकाव्यात. घरी येऊन मी सासूबाईंना जाब विचारला, तर त्यांना त्यात काही वावगंच दिसेना. "ती माझी लेक आहे," त्या म्हणाल्या. "ती काय बाहेरची आहे?"

मग उशिराची रक्ततपासणी झाली. तिच्यात शंका निघाली. मग पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढलं आणि निकालाला तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं. त्याच दिवसांत एका दुपारी एक चालक टेबलापाशी उभा राहून रजा मागत होता, मी नेहमीप्रमाणे त्याला झापत होते, आणि आत काहीतरी हललं. पुन्हा हललं. मी त्याला मुकाट्याने रजा देऊन टाकली. बिचारा घाबरून दोनदा धन्यवाद म्हणाला.

निकाल आला. बाळाला एक गुणसूत्र जास्त होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे समजावलं. मूल वाढेल, शिकेल, पण त्याच्या त्याच्या गतीने, आणि त्याच्यामागे जन्मभर माणूस लागेल. काय ते या आठवड्यात ठरवा, म्हणाल्या.

घरी सगळे बसले. नवरा जमिनीकडे बघत होता. नणंद आली होती, ती कोपऱ्यात रडत होती. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तू ठरव, बाळा," त्या म्हणाल्या. "शरीर तुझं आहे. तू म्हणशील तसं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा या घराला आठवलं की शरीर माझं आहे. त्या पोटातल्या जिवावर माझा राग नव्हता, आजही नाही. या लोकांचा मात्र मला असा संताप आला की हसूच फुटलं.

"ठरवायची वेळ होती तेव्हा तुम्ही ठरवलंत," मी म्हणाले. "आता ते लाथा मारतंय. पाडायचं माझ्याच्याने होणार नाही. मी त्याला जन्म देणार आहे."

मग सासूबाईंनी डोळे पुसले, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण इतक्यात बाहेर कुणाला सांगू नका."

मी फोन उचलला आणि त्यांच्यादेखत डेपोत लावला. पलीकडे पाळीवरचा सुपरवायझर होता. त्याला मी सगळं सांगितलं, कितवा आठवडा तेसुद्धा.